लार्कच्या सुकाणूचा दांडा

जोडीत नौका दोन असतात आणि इंजिन एक. पुढच्या नौकेला मोटर म्हणतात. मागच्या नौकेला बटी म्हणतात. बटीला इंजिन नसते आणि थांबवायला काही नसते. ती दोरावर चालते आणि तिला वळवायला फक्त एक मोठे लाकडी सुकाणू असते. दोन्ही नौका सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद. इंग्लंडच्या कालव्यांवरून कोळसा, धान्य, लोखंड अशा जोड्यांनी वाहिले. मोटर नवरा चालवायचा, बटी बायको. मजुरी नवऱ्याच्या नावावर मिळायची. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे घडले ते समजायला याची गरज आहे.

गेल्या सप्टेंबरात मी सहा दिवस अशा एका जोडीवर होते. मोटरचे नाव ड्रेक, बटीचे लार्क. दोन्ही नौका जुन्या, मालवाहतुकीच्या काळातल्या, आणि एका हौशी मंडळाच्या मालकीच्या. बटी चालवत होती माझी मावसबहीण, डॉ. नलिनी काळसेकर. वय सत्तर. लीड्सच्या एका मोठ्या रुग्णालयातून भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त. एकोणीस वर्षे लार्क तिच्या हातात होती. या प्रवासाला ये, असे ती मला पाच वर्षे म्हणत होती. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झाले आणि गेले.

हॅटन. पहिला दिवस

हॅटनला एकवीस लॉक एकापाठोपाठ आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. नौका आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडपा उघडून पाणी सोडायचे. पाण्याबरोबर नौका खाली उतरते. मग पुढचे दरवाजे उघडायचे. दरवाजाला जोडलेल्या ओंडक्याला पाठ लावून तो ढकलायचा. झडपा उघडण्यासाठी एक वाकडी लोखंडी चावी असते, ती प्रत्येकाच्या कमरेला खोचलेली.

अशी रांग आली की दोन्ही नौका शेजारी शेजारी बांधतात आणि एकत्र उतरवतात. रांग संपली की बटी सोडून पुन्हा दोरावर मागे घेतात.

मोटरवर ग्रॅहम होता. वय सहासष्ट, जमिनीच्या मोजणीच्या कामातून निवृत्त, मंडळाचा अध्यक्ष. त्याने मला जीवरक्षक जाकीट दिले आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला नियमांचा कागद दिला. "सावकाश करा. कसलाही दबाव नाही," तो म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून सात-आठ वेळा म्हणतो.

सायकलवरून पुढे जाऊन लॉक तयार ठेवायचे काम ताराचे होते. तारा ही नलूताईची मुलगी, चौतिसाव्या वर्षात, लीड्सच्या कौन्सिलमध्ये नोकरीला. तिचा जन्म तिथलाच.

"मावशी, तू हा गेट ढकल," ती मला म्हणाली. "हात नको लावू, पाठ लाव. Otherwise तुझा कंबर जाईल."

सातव्या लॉकला मी चूक केली. झडप उघडून झाल्यावर चावी तशीच चाकावर ठेवली आणि फोटो काढायला वळले.

"शमे, चावी काढ," खालून नलूताईचा आवाज आला. "आत्ता. फोटो नंतर."

मी काढली.

"चाक अडवणारी खुंटी सुटली तर ती चावी भिरभिरत येते आणि मनगट मोडून जाते. मनगटं जोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पूर्वीसारखी जोडलेली मनगटं फार नाही पाहिली."

एकवीस लॉक उतरायला साडेचार तास लागले. नंतर लार्कच्या मागच्या केबिनमध्ये जेवलो. ही केबिन दहा फूट लांब आणि सात फूट रुंद. दारापाशी कोळशाची लहान शेगडी, समोर भिंतीतले कपाट, त्याचे दार खाली पाडले की टेबल होते. पलीकडे आडवी फळी टाकली की पलंग. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. एके काळी यात आई, बाप आणि चार-पाच मुले राहत. नलूताईने शेगडीवर पोहे केले. मसाल्याचा डबा, हिंग आणि मेतकूट तिने ज्या खणात ठेवले होते त्यात पूर्वी मालाच्या पावत्या ठेवत.

ग्रॅहमने दोन वेळा पोहे घेतले. बेकनचे सँडविच त्याने स्वतःचे आणले होते, तेही खाल्ले.

स्टॉकटन. तिसरा दिवस

मोकळ्या पाण्यावर बटी चालवण्याचे काम बाहेरून दिसत नाही. पुढे सत्तर फुटांवर मोटर, मध्ये दोर, मागे नलूताई. मोटर वळण घेते तेव्हा बटी सरळ जाऊ पाहते. ती काठावर चढू नये म्हणून वळण येण्यापूर्वीच दांडा उलटा दाबायचा असतो. मोटर थांबली तरी बटी थांबत नाही. लॉकजवळ आली की काठावरच्या खुंटाला दोराचा एक वेढा द्यायचा आणि तो हाताने सोडत सोडत पंचवीस टनांचा वेग मारायचा. वेढे दोन झाले तर दोर तुटतो. वेढा चुकला तर बटी मोटरवर आदळते.

दांडा अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा, पाच फूट लांब, हंसाच्या मानेसारखा बाकदार, त्यावर लाल आणि पांढरे पट्टे. तो सुकाणूच्या डोक्यात नुसता खोचलेला असतो. नौका बांधली की तो काढून उलटा, टोक आकाशाकडे करून खोचायचा, अशी रीत आहे. दांडा वर असेल तर नौका मुक्कामाला आहे, हे दुरून कळते.

"सर्जन म्हणजे मोटर," नलूताई म्हणाली. "आवाज त्याचा, धूर त्याचा. भूल देणारा मागे उभा. पेशंट उठून बसला तर आभार सर्जनचे. नाही उठला तर चौकशी माझी. इथे येऊन मला काही नवं शिकावं लागलं नाही."

काठावर फिरायला येणारी माणसे हात करतात, कुत्री भुंकतात. कुंपणांवर काळ्या बेरी पिकल्या होत्या. एका ठिकाणी रेल्वेच्या नव्या मार्गासाठी टेकडी कापली होती, लाल माती उघडी पडली होती. दिवसातून एकदा तरी एक प्रश्न यायचा. त्या दिवशी तो छत्री घेतलेल्या एका बाईने विचारला.

"किती सुंदर. तुम्ही त्यांच्या मिसेस का?"

"कोणाच्या?" नलूताईने विचारले.

"पुढच्या नौकेवरच्या."

"नाही. तो माझ्यापुढे चालतो, एवढाच संबंध."

बाई हसली. तिला तो विनोद वाटला.

संध्याकाळी पबमध्ये जेवणाची वाट पाहताना मी मंडळाचे लॉगबुक वाचले. जुन्या सवयीने वाचले. रकाने तीन: कॅप्टन, क्रू, पाहुणे. कॅप्टनच्या रकान्यात ग्रॅहमचे पूर्ण नाव, त्याच्या आधीच्या अध्यक्षाचे पूर्ण नाव. क्रूच्या रकान्यात "नेल", म्हणजे नलूताई. एकोणीस वर्षांच्या नोंदींत सगळीकडे "नेल". आडनाव नाही. ती लार्कवर होती, हेही नाही. बटीसाठी रकानाच नव्हता.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांबरोबर मी बातमीदार म्हणून एकदा राहिले होते. तिथे मुकादमाच्या यादीत माणसे नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. ऊस ती तोडते, मोळी ती बांधते, गाडीवर ती चढवते आणि यादीत अर्धा कोयता होते. तिचे नाव विचारले तर मुकादम नवऱ्याचे सांगतो. ते सगळे लिहिताना मला वाटले होते की हा आपल्याकडचा मागासलेपणा आहे. स्टॉकटनच्या पबमध्ये स्टेक पाय आणि चिप्स समोर ठेवून मी ते मत बदलले.

"तू कधी हरकत घेतली नाहीस?" मी विचारले.

"एकदा म्हटलं. ग्रॅहम म्हणाला, पुढची वही छापू तेव्हा बदलू." तिने माझ्या ताटातली एक चिप उचलली. "वही अजून संपली नाही."

स्टोक ब्रुअर्न. पाचवा दिवस

चौथा दिवस चढ-उतारात गेला. बकबीच्या लॉकांपाशी कालवा, रेल्वे आणि मोटरवे एकमेकांना खेटून जातात. आम्ही ताशी दोन मैल, बाजूला ट्रक साठ. तारा म्हणाली, "त्यांचा टायर पंक्चर झाला की आपण जिंकणार."

पाचव्या दिवशी ब्लिसवर्थचा बोगदा होता. जवळजवळ तीन किलोमीटर, काठ नाही, वाट नाही. समोरून नौका येऊ शकतात, म्हणून जोडी शेजारी बांधून आत नेता येत नाही. बटी दोरावरच न्यावी लागते आणि ती चालवणारा माणूस लागतो. मोटरला दिवा असतो. बटीवरच्याला दूरवर तो दिवा दिसतो, बाकी काळोख. हवेसाठी वरून खणलेल्या विहिरींतून थंड पाणी अंगावर पडते. मध्ये समोरून एक नौका आली. नलूताईने दांडा दोन बोटे दाबला आणि सत्तर फुटांची लार्क भिंतीपासून वीतभर आणि त्या नौकेपासून वीतभर अंतर ठेवून निघून गेली. पुढून ग्रॅहमचे मोठ्याने गाणे ऐकू येत होते. तो खुशीत होता.

दुपारी चार वाजता स्टोक ब्रुअर्नच्या सगळ्यात वरच्या लॉकपाशी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सात लॉक उतरून मिल्टन कीन्सला पोहोचायचे होते. तिथे एका नव्या वसाहतीने कालव्यालगत गोदी बांधली होती. तिचे उद्घाटन, दोन दिवस जोडीचे प्रदर्शन, मग परत. आम्हाला एवढेच सांगितले होते.

चहासाठी दूध ड्रेकवर होते. ते आणायला मी गेले. ड्रेकच्या केबिनच्या दाराला आतून वेळापत्रक लावलेले होते. ग्रॅहम गावात ब्रेड आणायला गेला होता. मी वेळापत्रक वाचले, दूध घेतले आणि परत आले.

नलूताई शेगडीवर थालीपीठ लावत होती. तारा पाय वर घेऊन बसली होती.

"येताना उतार जास्त आहे का गं?" मी विचारले. "जायला सहा दिवस आणि यायला चार."

"कुठे वाचलंस?"

"ड्रेकच्या दारावर."

"चार? नीट आठव."

"चार. मी आकडा चुकत नाही."

नलूताईने थालीपीठ उलटले. दुसरी बाजू पूर्ण भाजू दिली, ताटलीत काढले, ताराला दिले. मग शेगडीची हवा बंद केली.

"कालव्याला उतार नसतो, शमे. जेवढं चढतो तेवढंच उतरतो, मग उलट. जोडी ताशी दोन मैल जाते. एकटी मोटर साडेतीन. आणि जोडीला लॉकचे दोन्ही दरवाजे उघडावे लागतात, एकटीला एक पुरतो. हे अंतर जोडीने चार दिवसांत कधीच झालेलं नाही."

"So?" तारा म्हणाली.

"लार्क परत येत नाहीये."

ग्रॅहम ब्रेड घेऊन आला तेव्हा ती काठावर उभी होती. पुढचे संभाषण मी सहा फुटांवरून ऐकले. त्यात कोणीही आवाज चढवला नाही. ग्रॅहमने मध्ये एकदा चहा घेणार का असेही विचारले.

लार्कचे काय होणार, असे तिने विचारले. त्याने सांगितले. मंडळाने मार्चमध्ये ठराव केला होता. लार्कचा तळ झिजला आहे. स्वयंसेवक कमी झाले. दोन नौका ठेवायच्या म्हटले तर दोन्ही जातील. वसाहतीची कंपनी लार्क कायमची गोदीत ठेवून घेणार आहे, तिच्यात कॅफे करणार आहे, निगा राखणार आहे.

"आणि विम्यासाठी बटी चालवण्याची परवानगी असलेली एकच व्यक्ती उरली आहे," तो म्हणाला. "तीही सत्तर वर्षांची."

"ती मी."

"हो, नेल."

"मी दोन वर्षं दोन माणसं तयार केली होती. त्यांना परीक्षेला बसवा असं तुला लिहून दिलं होतं."

"तो विषय कमिटीत राहून गेला."

"मार्चपासून सहा महिने झाले. मला का सांगितलं नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं. ही शेवटची सफर तुझी छान व्हावी, असं सगळ्यांनाच वाटत होतं. उद्या पोहोचल्यावर मी सांगणार होतो."

हे वाक्य मी ओळखले. धरणात जाणाऱ्या गावाला नोटीस सगळ्यात शेवटी का दिली, असे मी एका कचेरीत विचारले होते. आधी सांगितले असते तर लोक उगाच अस्वस्थ झाले असते, असे उत्तर मिळाले होते. भाषा वेगळी होती, खुर्ची वेगळी होती. निर्णय चूक होता की बरोबर, हे मी सांगू शकत नाही. लार्कचा तळ मी मोजलेला नाही. पण ज्या माणसाने एकोणीस वर्षे ती चालवली त्याला वगळून ठराव केला, त्याच्याच वयाचे कारण दिले आणि मग त्याच्याच हाताने ती पोचवायला लावली. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. छापता येईल असा शब्द नाही.

"मी उद्या चालवणार नाही," नलूताई म्हणाली.

ग्रॅहमने मान हलवली. "मी समजू शकतो. कसलाही दबाव नाही. मी दोन्ही शेजारी बांधून नेतो. पुढे बोगदा नाही."

नलूताई वळली. केबिनमध्ये येऊन बसली. मग म्हणाली, "बोगदा असता तर त्याला माझी गरज लागली असती. बोगदा आज दुपारी संपला."

"आई, चल घरी जाऊ," तारा म्हणाली. "मी टॅक्सी बोलावते. He can shove his boat."

"थालीपीठ खा. गार होतंय."

मिल्टन कीन्स. सहावा दिवस

सकाळी आठला ग्रॅहमने लार्क ड्रेकला बांधली. सात लॉक तसेही बांधूनच उतरायचे होते. दरवाजे तारा आणि मी उघडले. नलूताई पाठीला सॅक लावून काठावरून चालत होती. लॉकमध्ये मदतीला तिने हात लावला नाही. रांग संपली की गावातून बस पकडायची, असे ठरले होते.

शेवटच्या लॉकनंतर मोकळे पाणी होते. ग्रॅहमने नौका सोडवल्या नाहीत. चौदा फूट रुंदीचा तो सांगाडा तसाच पुढे निघाला. थोड्या अंतरावर विटांचा जुना पूल आहे, आणि पुलाखाली कालवा अरुंद होतो. ड्रेक लोखंडाची आहे. लार्कची वरची कड ओकची आहे आणि ती भिंतीच्या बाजूला होती.

घासल्याचा आवाज लांबून ऐकू आला. सावकाश, सलग, लार्कच्या पूर्ण लांबीचा. लाकडाची एक ढलपी पाण्यात पडली आणि तरंगत मागे आली. ग्रॅहमने इंजिन थोडे कमी केले, थांबवले नाही. मिल्टन कीन्सपर्यंत असे आणखी बरेच पूल होते.

नलूताई पुलावर गेली. कठड्यावरून वाकून म्हणाली, "ग्रॅहम, सोड तिला. दोर लाव."

"नक्की का, नेल?"

"दोर लाव."

तिने माघार घेतली असे मी लिहिणार नाही. रुग्ण कोणाचाही असो, नातेवाईक कसेही असोत, टेबलावर असेपर्यंत तो भूल देणाऱ्याचा असतो. एवढेच तिने नंतर मला सांगितले.

तिने सॅक केबिनमध्ये टाकली, दांडा खोचला आणि ढलपी उडाली होती तिथे एकदा हात फिरवला. नंतरच्या एकाही पुलाला लार्क लागली नाही. वोल्व्हर्टनजवळ कालवा लोखंडी पन्हळीतून नदीवरून जातो. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड आणि लगेच खाली नदी. बटीवर उभे राहिले की त्या बाजूला काहीच नसते. मी केबिनचे छप्पर धरून ठेवले. नलूताई समोर बघत होती. दुपारी तिने मला मेतकूट-भात वाढायला सांगितला आणि एका हाताने उभ्या उभ्या खाल्ला.

गोदीचे तोंड तीनच्या सुमारास दिसले. चार मजली इमारती, पांढरा तंबू, प्लास्टिकचे उंच पेले, साधारण साठ माणसे. वळण काटकोनात आणि अरुंद होते. मोटर पुढे राहून बटीला आत ओढून नेऊ शकत नव्हती. ग्रॅहमने मागे बघितले. त्याने काय करायचे ते सांगितले नाही. त्याला सांगता आले नसते. नलूताईने दोर सोडला. ड्रेक सरळ पुढे निघून गेली. लार्क फक्त आलेल्या वेगावर, आवाज न करता, काटकोनात वळली आणि गोदीत शिरली. काठाच्या खुंटाला नलूताईने एक वेढा टाकला आणि दोर हातातून सोडत गेली. नौका नेमून दिलेल्या जागेवर थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले असावे की इंजिन फार चांगले आहे.

गोदीच्या भिंतीवर जुन्या फोटोचा मोठा फलक होता. लार्कच्या केबिनच्या दारात उभी असलेली बाई, डोक्याला रुमाल, काखेत दांडा. शेजारी काठावर नुसता उभा असलेला पुरुष. खाली ओळ होती. पुरुषाचे नाव, आडनाव, मग "पत्नी आणि लार्क यांच्यासह". नौकेला नाव होते.

कंपनीची एक तरुण मुलगी हातात यादी घेऊन आली. फार नम्र होती. फोटोसाठी दांडा तसाच, चालू स्थितीत ठेवा, छान दिसतो, असे तिने नलूताईला सांगितले. आणि भाषणे ऐकायला थांबणार का, क्रूसाठीही पेयांची सोय आहे, असेही म्हणाली.

"नौका बांधली की दांडा काढतात," नलूताई म्हणाली.

तिने दांडा काढला. रीतीप्रमाणे तो उलटा करून टोक वर खोचायला हवा होता. तिने तो खोचला नाही. खांद्यावर घेतला आणि काठावर उतरली. मी तिची सॅक आणली, मसाल्याचा डबा आणला. तारा सायकल ढकलत मागून आली.

ग्रॅहमने तिला तंबूजवळ गाठले.

"नेल, तो दांडा इन्व्हेंटरीत आहे. मंडळाची मालमत्ता आहे तो."

"मला ठाऊक आहे."

"मग तू तो नेऊ शकत नाहीस."

"चोरीची तक्रार कर."

"अगं, तसं कोण करणार आहे."

"करच. पण पोलिसांना नुसतं नेल चालत नाही. पूर्ण नाव लागतं, वय लागतं, काय काम करत होती ते लागतं. सगळं लिहून दे. आणि सहीही तूच कर, कॅप्टन म्हणून."

ग्रॅहमच्या हातात पेला होता.  मागे कोणीतरी माइक तपासत होते.

"आई, technically ही चोरीच आहे," फाटकाबाहेर तारा म्हणाली.

"हो. तू मागचं टोक धर, कोणाच्या डोळ्यात जाईल."

लीड्सच्या ट्रेनमध्ये दांडा सामानाच्या फळीवर मावला नाही. आमच्या तिघींच्या मांड्यांवर आडवा ठेवला. तिकीट तपासणाऱ्याने हे काय आहे, असे विचारले. नलूताईने सांगितले, सुकाणूचा दांडा. नौका कुठे आहे, असे त्याने विचारले. नौकेला आता दांडा लागत नाही, असे ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.  तिच्या उजव्या तळव्यावर दोराने सोललेली एक पट्टी होती. एकोणीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तिने तो वेढा जरा जास्त वेळ धरून ठेवला होता.

मी पुण्याला परतून चार महिने झाले. ताराने कॅफेचा फोटो पाठवला आहे. लार्कच्या पोटात टेबले आहेत, छपरावर कुंड्या आहेत. सुकाणूत दांड्याऐवजी लाल-पांढरा रंगवलेला लोखंडी पाइप वेल्डिंग करून बसवला आहे. तो काढता येत नाही, म्हणून वर करता येत नाही. कालव्यावरून जाणाऱ्या नावाड्याला दुरून वाटावे की लार्क आत्ता निघणार आहे.

खरा दांडा लीड्समध्ये, नलूताईच्या दिवाणखान्यात, दारामागे उभा आहे. टोक आकाशाकडे. मी दर रविवारी फोन करते आणि एकच प्रश्न विचारते.

तक्रार अजून दाखल झालेली नाही.